कावीळ उतरवणारे मास्तर

येनमेट्याच्या मिडल शाळेत प्रयोगशाळा होती. ती एका कपाटात मावत असे, आणि कपाटाला कायम कुलूप असे, कारण उघडलं असतं तर आत काही नाही हे मुलांना दिसलं असतं. गुणवंतराव विज्ञान शिकवायला रुजू झाले त्याच वर्षी त्यांनी लिटमस कागदाची मागणी वर पाठवली. मागणी निघाली तेव्हा येनमेटा मध्यप्रदेशात होतं. ती वर विचाराधीन असतानाच राज्यांची फेररचना झाली आणि येनमेटा जागचं न हलता मुंबई राज्यात गेलं. नव्या राज्याचं म्हणणं, मागणी जुन्या राज्याकडे केलेली दिसते. जुनं राज्य आता फार लांब गेलं होतं. तेव्हा निळा कागद आंबटात लाल होतो आणि लाल कागद खारात निळा होतो, हे मुलांनी तोंडपाठ केलं. लंडन थेम्सच्या काठी आहे हेही त्यांनी असंच पाठ केलं होतं. असेल बापा, आपलं काय जाते.

गुणवंतराव उमरेडकडचे. नागपूरच्या कॉलेजात बी. एस्सी. झालेले, चाळिशी उलटलेले, आणि डोळ्यांनी पाहिल्याशिवाय काही मानू नये अशा मताचे. या मताचा माणूस आलापल्लीच्या पुढे, सिरोंच्याच्या रस्त्यावर, सागाच्या जंगलात बदलून आला तर त्याचं काय व्हायचं ते होतंच. एके दिवशी त्यांनी घरून कोऱ्या चहाची किटली वर्गात आणली. एका पेल्यात लिंबू पिळलं, चहा फिक्का पडला. दुसऱ्या पेल्यात शाळेचा शिपाई पोचू याच्या तंबाखूच्या डबीतला चुना टाकला, चहा काळपट झाला. मग हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेला कागद चुन्याला लावला तर तो कुंकवासारखा लाल. जास्वंदाच्या फुलाचं पाणी लिंबानं लालभडक आणि राखेच्या निवळीनं हिरवं. मुलं बाकावर चढली. आंबट काय आणि खार काय हे त्यांना त्या दिवशी कळलं, आणि घरी जाऊन त्यांनी सांगितलं की मास्तर चहाले नाचवते.

"शाळेत चहा रंग बदलून राह्यला," आशाबाई म्हणाल्या, "आन घरी पत्तीचा डबा रिकामा. त्यो बी रंगच हाय म्हणा."

आशाबाई म्हणजे गुणवंतरावांची बायको. ब्रह्मपुरीकडच्या. नवऱ्याच्या विज्ञानाला त्यांचा विरोध नव्हता, जसा कुणाचा पत्ते खेळण्याला नसतो. मुलगी वरोऱ्याला दिलेली, घरात दोघंच. भांडायला दुसरं कुणी नाही म्हणून दोघं जपून भांडत.

भादव्यात आशाबाईंचे डोळे पिवळे झाले. गुणवंतरावांनी त्यांना बैलगाडीनं आलापल्लीच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, कावीळ आहे. पडून राहायचं, तेल-तिखट बंद, ग्लुकोजचं पाणी प्यायचं. आणि सुस्ती वाढली की वाट न पाहता चांद्याला मोठ्या दवाखान्यात न्यायचं, इथं आमच्याकडे काही नाही. आशाबाई काही दिवस पडून राहिल्या. पडून राहणं हा इलाज असू शकतो हे त्यांना पटेना. पडून तर आजारी माणूस राहतो.

गावात कावीळ उतरवायचे ते दादाजी. सागवान तोडणीवरचे जुने मुकादम. रोग्याला उगवतीकडे तोंड करून बसवायचं, समोर पितळेची परात, दादाजी त्याच्या हाताला काहीतरी चोळायचे, वर पांढरट पाणी ओतायचे आणि तोंडानं पुटपुटायचे. हातावरून ओघळणारं पाणी परातीत पडताना हळदीसारखं पिवळं. ती कावीळ. सगळ्यांना दिसायची. गुणवंतराव शाळेत असताना आशाबाई गपचूप जाऊन आल्या. परात भरून पिवळं पाणी त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, हलकं वाटलं, आणि घरी येऊन त्या उठून कामाला लागल्या. गुणवंतरावांना कळलं ते तळणाच्या वासावरून.

"हे काय?"

"वडे. उतरली माही कावीळ. दादाजीनं उतरवली."

गुणवंतरावांनी त्यांचे डोळे पाहिले. ते दुपारच्या उन्हातही पिवळेच होते. मग हात पाहिले. नखांच्या कडेला तपकिरी डाग होते आणि त्यांना ओल्या लाकडाचा वास येत होता. ते परड्यात गेले, आंब्याच्या बुंध्याची साल काढली, ठेचून हाताला चोळली आणि चुन्याची निवळी ओतली. पाणी पिवळं झालं. चहाचीच जात. झाडाच्या रसाला खार भेटला की तो रंग बदलतो, सहावीच्या पोराला हे येतं. गुणवंतरावांना एवढा आनंद बऱ्याच वर्षांत झाला नव्हता. त्यांनी आत येऊन बायकोला दाखवलं.

"तुमाले बी झाली होती तं," आशाबाई काळजीनं म्हणाल्या.

इथं दुसरा माणूस सावध झाला असता. गुणवंतरावांना वाटलं, हिला एकटीला सांगून उपयोग नाही. सगळ्या गावाला दाखवलं पाहिजे. गावानं मानलं की बायको मानेल. बायकोनं मानलं की ती निजून राहील, नाहीतर चांद्याला तरी येईल.

बाजाराच्या दिवशी त्यांनी शाळेच्या पडवीत टेबल मांडलं. निम्मा बाजार तिथं लोटला. पुढे भैयाजी बसले. ते गावचे मालगुजार, जमीनदारच म्हणा. मालगुजारी सरकारनं काढून घेतली होती, आवाज राहू दिला होता. त्यांच्या शेजारी तंबाखू मळत खुद्द दादाजी. गुणवंतरावांनी आधी चहा केला, मग हळद, मग जास्वंद. लोकांनी माना डोलावल्या. हे पोरांनी सांगितलंच होतं. शेवटी त्यांनी बाह्या सारल्या, आंब्याची साल दाखवली, हाताला चोळली आणि निवळी ओतली. परातीत पिवळं पाणी पडलं.

"पाहिलंत?" गुणवंतराव म्हणाले. "मला कावीळ नाही. तरी पाणी पिवळं."

भैयाजींनी वाकून परात पाहिली. "मास्तर, कावीळ नाई तं मंग हे पिवळं कुठून आलं?"

"सालीतून."

"साल तं तपकिरी हाय."

"चुन्यानं तिचा रंग बदलला."

"चुना तं पांढरा हाय," भैयाजी शांतपणे म्हणाले. "तपकिरीत पांढरं टाकलं तं पिवळं कसं होईन? पिवळं आत असन, तवाच बाहीर येईन ना."

लोकांना हे पटलं. खरं तर गुणवंतरावांनाही क्षणभर या वाक्यात चूक सापडेना. ते म्हणाले, ठीक आहे, कोणीही धडधाकट माणूस या. वारलू गाडीवान पुढे झाला. त्याच्याएवढा धडधाकट माणूस त्या बाजारात दुसरा नव्हता. त्याचे हात धुतले, पाणी पिवळं. मग त्याच्या भावाचे, मग एका कुंभारणीचे, मग पोचूचे. सगळे पिवळे. गुणवंतराव प्रत्येकाला विचारत, तुला काही होतं का? आणि प्रत्येकजण विचारात पडत होता.

"सांगाचं तं," वारलू खालच्या आवाजात म्हणाला, "ते हिवतापाचे फवारणीवाले घरात पांढरं मारून गेले ना, तवापासून मले बी अंग जड वाटून राह्यलं."

"मले बी," कुंभारीण म्हणाली.

"आता कसं वाटते?" भैयाजींनी विचारलं.

"मोकळं वाटते, मास्तर," कुंभारीण मास्तरांकडे वळून म्हणाली.

तेव्हा दादाजी उठले. गुणवंतरावांना वाटलं, आता हे भांडतील, आणि त्यांनी भांडणाची तयारी केली. दादाजींनी दोन्ही हात जोडले.

"मी एका दिवशी एकाची उतरवतो," ते लोकांना म्हणाले. "मले जड जाते बापा. मास्तरनं उभ्या बाजाराची उतरवली, आन मंत्र बी नाई लागला. हात हाय मास्तरले."

"दादाजी," गुणवंतराव काकुळतीला येऊन म्हणाले, "तुम्ही पण सालच लावता ना?"

"लावतो ना. मीच तं काढून आणतो. पण साल झाडाची हाय म्हून खोटी काऊन असन? डॉक्टरची दवाई कायची असते?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांच्या ओट्यावर रोगी बसलेले होते. त्यांना गुणवंतरावांनी समजावून सांगितलं. समजावून सांगायला करून दाखवावं लागे, आणि करून दाखवलं की इलाज झाला. लोक पाया पडून जात. ते चिडून ओरडले, तर गावात झालं की मास्तरांचा हात तापट आहे आणि तापट हात लवकर लागतो. दादाजी निदान नारळ घेत; मास्तरांनी नारळ फेकून दिला, तेव्हा तर शंकेला जागाच राहिली नाही. अहेरीकडून गाड्या येऊ लागल्या. हेडमास्तरांनी आधी कपाळाला आठ्या घातल्या, आणि नंतर आपल्या साडूला पाठवलं.

आतल्या खोलीत आशाबाई पडून होत्या. वडे बाधले होते, ताप येऊन गेला होता, आणि आता त्यांना उठवत नव्हतं. भिंतीपलीकडची सगळी ये-जा त्यांना ऐकू येई.

"साऱ्या गावाची उतरवून राह्यले," त्या एके दुपारी म्हणाल्या. "माहीच काऊन नाई?"

"अवं, ते खोटं आहे."

"खोटं हाय तं करता काऊन?"

"खोटं आहे हे दाखवायला."

"मंग मले बी दाखवा ना खोटं." त्या भिंतीकडे वळल्या. "कुंभारणीचे हात धुता. वारलूच्या भावाचे धुता, ज्याले मी कधी आंघोळ केलेला पायला नाई. बायकोचे धुवाले तुमाले लाज वाटते."

गुणवंतरावांनी साल, रस, खार, सगळं पुन्हा सांगितलं. आशाबाईंनी ते डोळे मिटून ऐकलं. त्यांना त्या दिवसांत दुपारीही झोप येत असे, आणि गुणवंतरावांना डॉक्टरचं बोलणं आठवलं. त्यांनी सागवानाच्या डेपोवर जाऊन लॉरीवाल्याला गाठलं. लॉरी सकाळी बल्लारशाला निघणार होती, आणि तिथून चांदा जवळच. ड्रायव्हर म्हणाला, बाईंना माझ्याशेजारी बसवा, आष्टीला नदीपर्यंत पोचवतो, पुढं लाकडी डोंग्यानं पार उतरा, पलीकडं आमचीच दुसरी गाडी असते. गुणवंतराव घरी येऊन म्हणाले, उद्या चांद्याला जायचं.

"मी नाई येत."

"का?"

"दवाखान्यात माणसं मराले जातात. इथी तुमच्या हातानं माणसं चालत घरी जाऊन राह्यले, आन मी लॉरीत बसून चांद्याले जाऊ? लोक काय म्हणतीन? मास्तरनं गावाची उतरवली, बायकोची ठेवली."

गुणवंतराव गाठोडं बांधायला लागले. मग त्याच सौदा करावा तशा म्हणाल्या, "एक डाव उतरवा. मंग चांदा म्हणान तं चांदा."

गुणवंतरावांना हे वाईट वाटलं नाही. तीच तर त्यांची चूक. त्यांना वाटलं, पोराला कडू औषध पाजायला गूळ दाखवावा तसं हे आहे. गूळ खोटा नसतो आणि औषधही पोटात जातं. त्यांनी बायकोला उगवतीकडे तोंड करून बसवलं. बांगड्या आपोआप कोपराकडे सरकल्या, एवढे हात वाळले होते. ठेचलेली साल त्यांनी सावकाश चोळली, बोटांच्या बेचक्यांतूनही. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तिचे हात इतका वेळ त्यांनी हातात धरले नव्हते. मग निवळी ओतली. पिवळं पाणी निघालं. आशाबाईंनी ते शेवटचा थेंब पडेपर्यंत पाहिलं.

"केवढी होती पाय," त्या म्हणाल्या, आणि त्या संध्याकाळी त्यांनी पेज मागून घेतली.

सकाळी लॉरीचा भोंगा वाजला तेव्हा आशाबाई चुलीपुढे बसून होत्या. केस विंचरलेले, कुंकू लावलेलं.

"चल," गुणवंतराव म्हणाले.

"उतरली ना. आता चांद्याले जाऊन डॉक्टरले काय दाखवाचं, धुतलेले हात?"

"तू कबूल केलं होतंस."

"तवा आत होती. आता बाहीर आली. बघा माह्या डोळ्यांत."

गुणवंतरावांनी पाहिलं. चुलीच्या जाळाच्या उजेडात डोळे कालच्यापेक्षा पांढरे वाटले. जाळाच्या तांबूस उजेडात पिवळं दिसत नाही, हे विज्ञान त्यांना येत होतं, पण बी. एस्सी. झालेल्या माणसालाही बायको बरी व्हावी असं वाटतं, आणि वाटणं लिटमसावर तपासता येत नाही. त्यांनी क्षणभर मानलं. लॉरीवाल्यानं तेवढा क्षण थांबून पाहिलं आणि पुन्हा भोंगा वाजवला. भैयाजींना चांद्याला कोर्टाचं काम होतं. रिकामी जागा दिसली म्हणून ते चढून बसले.

पुढचं सांगण्यासारखं थोडं आहे. आशाबाई तो दिवस चांगल्या वागल्या. मग त्यांना बोलता बोलता झोप लागू लागली. चहात त्यांनी मीठ घातलं. गुणवंतरावांना त्या आपल्या भावाच्या नावानं हाक मारू लागल्या आणि विचारू लागल्या, माय कुठी गेली. पुढच्या लॉरीत गुणवंतराव त्यांना उचलून घेऊन बसले. आष्टीला वैनगंगा अजून भरलेली होती. डोंग्यात त्या शुद्धीवर आल्या, पाण्याकडे पाहून म्हणाल्या, "गढूळ हाय," आणि पुन्हा डोळे मिटले. चांद्याच्या डॉक्टरांनी पापणी वर करून पाहिली. आठवडाभर आधी आणायला हवं होतं, ते म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की हे वाक्य त्यांना रोजच म्हणावं लागतं. आधी आणलं असतं तर वाचल्या असत्या का, असं गुणवंतरावांनी विचारलं. डॉक्टर प्रामाणिक होते. ते म्हणाले, सांगता येत नाही. कदाचित.

'कदाचित' हा शब्द घेऊन गुणवंतराव एकटे परत आले.

भेटायला सगळं गाव आलं. दादाजी शेवटपर्यंत बसून राहिले. सगळे गेल्यावर ते जवळ सरकले.

"तुमच्या हाताले दोष नाई, मास्तर. घरच्याले हात लागत नाई. मी माह्या पोराची नव्हती उतरवली, दुसऱ्या गावाले नेलं होतं. मीच तुमाले सांगाले पायजे होतं. नाई सुचलं." त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. "तिले पुन्हा माह्याकडं धाडाचं होतं बापा."

गुणवंतरावांनी त्यांना तंबाखू दिली.

ओट्यावर रोगी पुन्हा येऊ लागले, कारण मास्तरांचा हात घरच्यालाच लागत नव्हता, परक्याला लागत होता. गुणवंतरावांनी त्यांना हाकललं नाही, आणि समजावूनही सांगितलं नाही. त्यांनी एकच सांगितलं: आधी चांद्याच्या दवाखान्यात जाऊन, तिथले लोक ठेवतील तेवढे दिवस राहून या, मग मी उतरवीन. आधी नाही. लोकांनी हे आदरानं ऐकलं. मास्तरांनी नेम घेतला, बायको गेल्यामुळे घेतला, असा गावाचा समज झाला. नेमाबद्दल कुणाचं काही म्हणणं नव्हतं. फक्त नेम कडक होता, आणि दादाजींचा काही नेम नव्हता.

एक माणूस मात्र गेला. वारलूची बायको सुकरी पिवळी पडली तेव्हा वारलूनं गाडी जुंपली. त्याच्या मते हात मास्तरचाच लागतो, दुसऱ्या कुणाचा नाही. मग नेम तर नेम. महिन्याभरानं दोघं परत आली. सुकरीच्या गालावर मांस चढलं होतं आणि डोळे दुधासारखे पांढरे होते. गुणवंतराव तिच्याकडे पाहत उभेच राहिले.

"काय केलं गं दवाखान्यात?"

"काई नाई, मास्तर. खाटेवर निजवलं, साखरेचं पाणी देल्लं. उठतो म्हटलं तं रागवे. मले तं वाटलं, हे लोक दवाई कराचीच इसरले."

"बरी झालीस."

"आता होईन ना," सुकरी म्हणाली, आणि उगवतीकडे तोंड करून बसली.

कबूल केलं होतं. गुणवंतरावांनी परात आणली, साल ठेचली, तिचे हात चोळले आणि निवळी ओतली. सुकरीनं वाकून परातीत पाहिलं, मग नवऱ्याला बोलावून दाखवलं.

"पाय. येवढी आतच होती. दवाखान्यातनं तशीच आली होती मी."

वारलूनं मास्तरांच्या पायावर डोकं ठेवलं. दोघं गाडीत बसून गेली. गाडी वळणाआड होईपर्यंत वारलू वाटेतल्या प्रत्येकाला काहीतरी सांगत होता. ते काय असेल हे गुणवंतरावांना न ऐकताही कळत होतं.

त्यांनी पाणी परड्यात ओतलं. ओट्यावर नवा रोगी बसला होता, आरडीकडचा शेतकरी, डोळे पिवळे. त्याला त्यांनी चांद्याला जायला सांगितलं. लॉरी कधी निघते, नदी कुठं उतरायची, दवाखाना स्टेशनपासून कोणत्या बाजूला, सगळं सांगितलं. शेतकऱ्यानं सगळं नीट ऐकून घेतलं, हात जोडले, आणि तो दादाजींच्या घराच्या वाटेला लागला.